वेबर म्हणजे नेमका कुठला वेबर?

बारावी सायन्सला वेबर भेटतो तो मॅग्नेटिक फ्लक्सचं एकक म्हणून. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्यांना तो नोकरशाहीच्या धड्यात भेटतो. भूगोलवाल्यांना कारखाना कुठे उभा राहतो हे सांगणारा वेबर पाठ असतो, मानसशास्त्रवाल्यांना ‘वेबरचा नियम’, आणि एमबीबीएसच्या मुलांना कानाची ‘वेबर टेस्ट’. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वाट्याला तर यातले तीन-चार एकाच वर्षात येतात. मग कधीतरी शंका येतेच, की एवढ्या सगळ्या विषयांत हात घालणारा हा माणूस होता तरी कोण?

एक माणूस नव्हताच. वरच्या पाच ठिकाणी चार वेगवेगळे वेबर आहेत. त्यात सख्ख्या भावांच्या दोन जोड्या आहेत, आणि या दोन घरांचं आपसात नातं नाही. हे तर फक्त क्रमिक पुस्तकांतलं झालं. बाहेर पडलात की संगीतकार वेबर आहे, संस्कृत पंडित वेबर आहे, मोटारीचा कार्ब्युरेटर आहे, अंगणात मांस भाजायची शेगडी आहे, इंडोनेशियाच्या समुद्रातली एक काल्पनिक रेषा आहे आणि अमेरिकेत एक नदीसुद्धा आहे.

आडनाव एवढं पसरलं कसं, ते आधी पाहू. वेबर म्हणजे विणकर. साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात जर्मन मुलखातली शहरं वाढली, करांच्या याद्या आणि मालमत्तेची खाती लिहिली जाऊ लागली, आणि एका गल्लीतल्या चार हान्सना वेगळं कसं ओळखायचं हा प्रश्न कारकुनाला पडला. मग चक्कीवाला हान्स झाला म्युलर, लोहार श्मिट, शिंपी श्नायडर, मासेमार फिशर आणि मागावर बसणारा वेबर. पुढच्या पिढीनं धंदा सोडला तरी नाव चिकटून राहिलं. कापड सगळ्यांनाच लागतं, त्यामुळे विणकर नाही असं गाव नव्हतं. म्हणजे हे आडनाव एका घरातून पसरलेलं नाही. ते शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं. आपल्याकडे गावोगाव कुलकर्णीपण होतं म्हणून गावोगाव कुलकर्णी झाले, आणि दोन कुलकर्णी भेटले म्हणून कोणी त्यांना चुलतभाऊ ठरवत नाही. तसंच हे. आज जर्मनीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पाच-सहा आडनावांत वेबर येतं.

उलटही खरं आहे. विणकर असून वेबर नसलेलेही भरपूर. युरोपातल्या राजांना कर्ज देणारं आउग्सबुर्गचं फुगर घराणं घ्या. त्यांचा मूळ पुरुष हान्स फुगर १३६७ साली त्या शहरात आला तो विणकर म्हणूनच. धंदा विणकराचा, आडनाव भलतंच. आणखी एक गुंता म्हणजे ज्यू कुटुंबं. ऑस्ट्रियात १७८७ साली आणि प्रशियात १८१२ साली कायदे झाले, तेव्हा त्यांना कायमची आडनावं घेणं भाग पडलं आणि त्यातही काहींनी प्रचलित जर्मन आडनावं उचलली. त्यामुळे वेबर या नावावरून धर्म, गाव किंवा घराणं यांपैकी काहीच छातीठोकपणे सांगता येत नाही.

तरीही एवढा गोंधळ झाला नसता. गोंधळाचं खरं कारण वेगळं आहे. माणसाचं नाव एखाद्या नियमाला, एककाला किंवा आजाराला दिलं, की त्याचं पाळण्यातलं नाव गळून पडतं. विल्हेल्म, एर्न्स्ट, माक्स, आल्फ्रेड ही नावं गेली आणि उरला नुसता वेबर. प्रसिद्धीची ही किंमत आहे म्हणा ना. हे गळालेलं नाव परत जोडलं की सगळं चित्र लख्ख होतं, म्हणून आता तेच करू.

विटेनबर्गचे तीन भाऊ

सुरुवात विटेनबर्गपासून. मार्टिन ल्यूथरमुळे प्रसिद्ध झालेलं हे गाव. तिथे मिखाएल वेबर नावाचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक राहत. त्यांच्या मुलांपैकी तिघे विज्ञानात गेले: एर्न्स्ट हाइनरिश (जन्म १७९५), विल्हेल्म एडुआर्ड (१८०४) आणि एडुआर्ड फ्रीडरिश (१८०६). मधल्याच्या नावातही एडुआर्ड आणि धाकट्याच्या नावातही एडुआर्ड, म्हणजे घरच्यांनीच गोंधळाचा पाया घालून ठेवला होता.

एर्न्स्ट शरीरशास्त्रज्ञ, लाइपझिगला प्राध्यापक. त्याचं पहिलं गाजलेलं काम १८२० सालचं, आणि ते आपल्या ताटात येतं. रोहू किंवा कटल्याचं डोकं नीट सोडवलं, तर पाठीच्या कण्याच्या अगदी पुढच्या मणक्यांपाशी इवल्या इवल्या हाडांची एक साखळी सापडते. तिचं एक टोक माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला टेकलेलं आणि दुसरं आतल्या कानापाशी. पाण्यातल्या आवाजानं ती पिशवी थरथरते, हाडं ती थरथर कानापर्यंत नेतात, आणि माशाला बारीकसारीक आवाजही ऐकू येतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात या हाडांना वेबरची हाडं म्हणतात. गोड्या पाण्यातल्या बहुतेक ओळखीच्या माशांत, म्हणजे कार्प कुळात आणि मिशाळ माशांत ती असतात. बांगड्यात किंवा पापलेटात शोधू नका, मिळणार नाहीत.

पण एर्न्स्टचं नाव राहिलं ते स्पर्शामुळे. १८३४ साली त्यानं लॅटिनमध्ये स्पर्शावर लिहिलं. त्याचा प्रश्न साधा होता: वजनातला फरक माणसाला कळतो कधी? समजा हातात १०० ग्रॅमचं वजन आहे आणि त्यात ५ ग्रॅम वाढवल्यावर तुम्हाला ‘जड झालं’ असं जाणवलं. मग हातात एक किलो असताना ५ ग्रॅम वाढवले तर? काही कळणार नाही. तिथे जवळजवळ ५० ग्रॅम लागतील. म्हणजे आपल्याला जाणवतो तो नुसता फरक नव्हे, तर मुळाच्या मानानं असलेला फरक. हा झाला वेबरचा नियम. पुढे गुस्टाफ फेखनर यानं १८६० साली त्याला गणिताची जोड दिली आणि मनाच्या व्यवहारांना मोजमाप लावता येतं ही कल्पना रुजली. मानसशास्त्र प्रयोगशाळेत शिरलं त्याची एक वाट इथून जाते. अगदी टोकाला, म्हणजे फारच हलक्या किंवा फारच जड वजनांना, हा नियम नीट लागू होत नाही, हेही लक्षात ठेवायचं. परीक्षेत ते हमखास विचारतात.

वेबर टेस्टही याच एर्न्स्टची. कानाच्या डॉक्टरकडे गेलात तर तो धातूचा चिमटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क, वाजवतो आणि त्याचा दांडा तुमच्या कपाळाच्या मध्यावर टेकवतो. विचारतो, आवाज कुठे येतोय? दोन्ही कान ठीक असतील तर मधोमध. एका कानात मळ साचला असेल किंवा पडद्याची तक्रार असेल, तर आवाज चक्क त्या बिघडलेल्या कानात मोठा वाटतो. पण कानाची नस कमजोर असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. दहा सेकंदांचं काम, वीज लागत नाही, मशीन लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या शरीरशास्त्राची ही चाचणी आजही ओपीडीत रोज चालते.

आता मधला, विल्हेल्म. मला विचाराल तर या सगळ्या लेखातला सर्वांत थोर वेबर हाच. १८३१ साली, सत्ताविसाव्या वर्षाच्या आत, गाउसच्या शिफारशीनं तो ग्योटिंगनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. गाउस म्हणजे गणितातला सम्राट, वयानं सत्तावीस वर्षांनी मोठा. दोघांचं जमलं मात्र असं, की १८३३ साली त्यांनी गावाच्या छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार ओढून वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा जोडली आणि विजेच्या साहाय्यानं एकमेकांना निरोप धाडू लागले. चुंबकसुई डावीकडे हलली की एक खूण, उजवीकडे हलली की दुसरी, आणि त्यांच्या जुळणीतून अक्षरं. तार धंद्यात उतरायच्या आधीची ही गोष्ट आहे. १८४५ साली वीज पडून ती तार गेली.

त्याआधीच विल्हेल्मची नोकरी गेली होती. १८३७ साली हॅनोव्हरच्या नव्या राजानं, एर्न्स्ट आउगुस्टनं, राज्यघटनाच रद्द करून टाकली. ग्योटिंगनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू त्या सातांत होते आणि विल्हेल्म वेबरही होता. सातही जणांना बडतर्फ केलं. काही वर्षं नोकरीवाचून काढून विल्हेल्म १८४३ साली लाइपझिगला गेला, तिथे दोघे भाऊ होतेच. १८४९ साली तो ग्योटिंगनला परतला तो सन्मानानं.

१८५६ साली त्यानं रुडॉल्फ कोलराउश याच्याबरोबर एक मापन केलं. वीज मोजायच्या तेव्हा दोन रीती होत्या, एक स्थिर विजेवरून आणि एक चुंबकीय परिणामावरून. या दोन रीतींच्या एककांचं गुणोत्तर काढलं तर ते एखाद्या वेगासारखं येतं. आकडा आला सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर. हा जवळजवळ प्रकाशाचा वेग! वेबरनं त्यावरून उडी घेतली नाही. ती घेतली मॅक्सवेलनं, काही वर्षांनी: प्रकाश म्हणजे विजेच्या आणि चुंबकत्वाच्या लहरी. पण उडी मारायची फळी वेबर आणि कोलराउशनं टाकून ठेवली होती.

एकक झालं ते फार नंतर, विसाव्या शतकात. गंमत म्हणजे त्याआधी इंग्लंडात ‘वेबर’ हे विद्युतप्रवाहाचं एकक म्हणून वापरात होतं. १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रवाहाला अँपिअरचं नाव मिळालं आणि वेबर बिचारा बाहेर पडला. पुढे चुंबकीय फ्लक्सच्या, म्हणजे एखाद्या पृष्ठभागातून जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्राच्या, एककावर त्याचं नाव आलं. त्याची व्याख्या अशी समजून घ्या: तारेच्या एका वेढ्यातून एक वेबर फ्लक्स जातोय आणि तो एका सेकंदात सारख्या गतीनं शून्यावर आणला, तर त्या वेढ्यात एक व्होल्ट तयार होतो. एक चौरस मीटरमधून एक वेबर म्हणजे एक टेस्ला. रुग्णालयातलं एमआरआय यंत्र दीड टेस्लाचं असतं म्हणतात, ते याच हिशोबात. आणि गाउस? चुंबकीय क्षेत्राच्या जुन्या एककाला गाउसचं नाव आहे. एक टेस्ला म्हणजे १०,००० गाउस. छपरावरून तार ओढणारे दोघे असे मोजपट्टीवरही शेजारी आले.

धाकट्या एडुआर्डच्या नावानं शाळेत काही शिकवत नाहीत, पण तिघांतल्या प्रत्येक जोडीनं मिळून काहीतरी केलंय. एर्न्स्ट आणि विल्हेल्मनं १८२५ साली लहरींवर ग्रंथ लिहिला. विल्हेल्म आणि एडुआर्डनं १८३६ साली माणूस चालतो कसा याची यांत्रिकी मांडली. एर्न्स्ट आणि एडुआर्डनं १८४५ साली दाखवून दिलं की व्हेगस नावाच्या नसेला विजेचा झटका दिला की हृदयाचे ठोके मंदावतात. नसा म्हणजे कामाला लावणाऱ्याच, अशी तोपर्यंतची समजूत. एखादी नस कामाला आवरही घालते, हे तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

माक्स, आल्फ्रेड आणि खरोखरची विणकरी

दुसरी जोडी एरफुर्टची. माक्स वेबर १८६४ चा, आल्फ्रेड १८६८ चा. माक्स समाजशास्त्राच्या आद्यपुरुषांपैकी एक. सत्ता तीन प्रकारची असते, परंपरेनं आलेली, करिष्म्याची आणि कायद्याची, ही मांडणी त्याची. आज मराठी वृत्तपत्रं एखाद्या पुढाऱ्याच्या ‘करिष्म्या’बद्दल लिहितात, तो शब्द राजकारणाच्या चर्चेत आणण्याचं श्रेय बरंचसं माक्सचं. राज्यसंस्था म्हणजे आपल्या हद्दीत वैध बळ वापरण्याचा मक्ता असलेली संस्था, ही व्याख्या त्याचीच, १९१९ सालच्या म्युनिकच्या व्याख्यानातली. भारतात कधी न येता त्यानं हिंदू आणि बौद्ध धर्मांच्या समाजशास्त्रावर दीर्घ लेखन केलं. त्यातली कित्येक मतं आज टिकत नाहीत, पण जातिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याला ते ओलांडून पुढे जाता येत नाही.

आणि इथे आडनाव अवचित खरं ठरतं. माक्सचे आजोबा बीलेफेल्डचे लिननचे व्यापारी. काका कार्ल डाव्हिड यांनी ओर्लिंगहाउझेन या गावी लिननचा धंदा उभा केला. शेतकऱ्यांच्या घरोघरी माग चालत, व्यापारी माल विकत घेई. काकांनी त्यात शिस्त आणली, चांगले विणकर निवडले, गिऱ्हाइकांशी थेट संबंध जोडले. माक्सनं भांडवलशाहीच्या वृत्तीवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात (१९०४-०५) जुन्या पद्धतीचा कापडधंदा मोडून नवी कार्यपद्धती आणणाऱ्या एका तरुणाचं चित्र रंगवलंय. त्या चित्रामागे काकाच आहेत असं अभ्यासक मानतात. माक्सची बायको मारिआने हीसुद्धा याच काकांची नात. ती स्वतः लेखिका आणि स्त्रियांच्या चळवळीतली कार्यकर्ती. माक्स १९२० साली न्यूमोनियानं अकाली गेला, तेव्हा त्याचं विखुरलेलं लेखन छापून आणलं ते तिनं. आज आपण ज्याला ‘वेबर’ म्हणून वाचतो त्यातला मोठा भाग तिच्या खटपटीमुळे हाती आलाय, पण पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हे कोणी लिहीत नाही.

१९०८ साली माक्सनं एक निबंध लिहिला. अर्थशास्त्रातला सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त, म्हणजे एखादी वस्तू जितकी जास्त मिळत जाते तितकी पुढच्या नगाची गरज कमी वाटते हा विचार, मानसशास्त्रातल्या वेबर-फेखनर नियमावर उभा आहे, असं काही अर्थतज्ज्ञ म्हणत होते. माक्सनं ते खोडून काढलं: अर्थशास्त्राला असल्या आधाराची गरजच नाही. म्हणजे वेबरनं सांगितलं की वेबरचा नियम इथे लागत नाही. हे वाक्य पहिली नावं न लावता उत्तरपत्रिकेत लिहिलं तर तपासनीस काय करील, देव जाणे.

भाऊ आल्फ्रेड अर्थशास्त्रज्ञ. १९०९ सालच्या ग्रंथात त्यानं विचारलं, कारखाना कुठे उभा राहतो? उत्तराचा गाभा वाहतुकीच्या खर्चात आहे. कच्च्या मालाचं वजन भागिले पक्क्या मालाचं वजन, हा त्याचा निर्देशांक. तो एकाहून बराच मोठा असेल तर कारखाना कच्च्या मालाजवळ जातो. महाराष्ट्रात याचं उदाहरण शोधायला लागत नाही. शंभर टन ऊस गाळला की साखर मिळते दहा-अकरा टन. उरलेलं वजन ट्रकनं लांब नेऊन करायचं काय? शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घसरतो. म्हणून प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंत सगळे साखर कारखाने उसाच्या फडांच्या मधोमध दिसतात, मुंबईच्या बाजारपेठेच्या दाराशी नाहीत. अर्थात आपल्याकडे कारखाना कुठे निघतो याला वजनाखेरीज सहकाराची आणि तालुक्याच्या राजकारणाचीही कारणं असतात, आणि ती आल्फ्रेडच्या सूत्रात बसत नाहीत. हाच आल्फ्रेड काही काळ प्रागला प्राध्यापक होता. १९०६ साली तिथे फ्रान्झ काफ्काला कायद्याची डॉक्टरेट बहाल झाली, ती त्याच्या हस्ते.

आणखी माक्स वेबर

पहिलं नाव जोडलं की प्रश्न मिटला असं वाटतं ना? मिटत नाही. बियावीस्तोकमध्ये १८८१ साली जन्मलेला आणि लहानपणीच न्यूयॉर्कला गेलेला चित्रकार माक्स वेबर वेगळा. पॅरिसमध्ये फ्रेंच चित्रकार मातिसच्या हाताखाली शिकून आलेला, अमेरिकेत क्युबिझम, म्हणजे वस्तूंचे भौमितिक तुकडे करून रंगवायची शैली, आणणाऱ्या पहिल्या काहींपैकी. आणि बॉनला १८५२ साली जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ माक्स वेबर आणखी वेगळा. हा हॉलंडमध्ये स्थायिक झाला आणि १८९९-१९०० साली ‘सिबोगा’ जहाजावरून इंडोनेशियाच्या समुद्राची मोहीम नेली. आशियाचे प्राणी कुठे संपतात आणि ऑस्ट्रेलियाचे कुठे सुरू होतात, यासाठी वॉलेसची रेषा प्रसिद्ध आहे. तिच्या पूर्वेला, दोन्हीकडच्या प्राण्यांचं पारडं समान होतं तिथून जाणारी, ती वेबर रेषा. त्याची बायको आना वेबर-व्हान बोसे समुद्री शेवाळांची मोठी अभ्यासक. ती जहाजावर होती, आणि नवऱ्याची सोबत म्हणून नव्हे, तर कामाला.

डॉक्टरीत तर आणखी गुंता आहे. कानाची वेबर टेस्ट एर्न्स्टची, हे वर आलंच. पण ‘वेबर सिंड्रोम’, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी रक्तपुरवठा अडल्यामुळे एका बाजूची पापणी पडणं आणि उलट्या बाजूचे हातपाय लुळे पडणं, हे हर्मान वेबर यानं १८६३ साली लंडनमध्ये सांगितलं. त्याच वर्षी त्याला मुलगा झाला, फ्रेडरिक पार्क्स वेबर. चेहऱ्यावर जांभळट डाग आणि फिट्स येणारा ‘स्टर्ज-वेबर’ आजार या मुलाच्या नावाचा. ‘ऑस्लर-वेबर-रेंदू’ या आजाराच्या नावातला वेबरही तोच. आणि घोट्याच्या फ्रॅक्चरला ऑर्थोपेडिकवाले ‘वेबर ए, बी, सी’ म्हणतात, तो बेर्नहार्ड वेबर, विसाव्या शतकातला स्विस सर्जन. शेतात फवारणी पंपाच्या नोझलमधून थेंब किती बारीक फुटतील हे ठरवणारा ‘वेबर अंक’ मात्र डॉक्टरीतला नाही. तो बर्लिनचा प्राध्यापक मोरित्झ वेबर याचा: वेगाचा जोर विरुद्ध द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण.

संगीतातला वेबर म्हणजे कार्ल मारिया फॉन वेबर (१७८६-१८२६), जर्मन ऑपेराला स्वतःचा सूर देणारा. नावातलं सरदारी ‘फॉन’ वडिलांनी परस्परच लावून घेतलेलं. मोत्झार्टची बायको कॉन्स्टान्झे त्याची सख्खी चुलत बहीण. मोत्झार्टचा जीव आधी तिच्या थोरल्या बहिणीवर, आलॉइझियावर जडला होता. तिनं नाकारल्यावर पुढे १७८२ साली त्यानं कॉन्स्टान्झेशी लग्न केलं. आणखी एक बहीण, योझेफा, मोत्झार्टच्या शेवटच्या ऑपेरात रात्रीची राणी म्हणून पहिल्यांदा गायली. एकाच आडनावाचे दोन संगीतवाले खरोखर एका घरचे निघाले, असं हे विरळा उदाहरण.

वस्तूंचं थोडक्यात. वेबर कार्ब्युरेटर एदोआर्दो वेबर यानं इटलीत बोलोन्याला १९२३ साली सुरू केलेल्या कारखान्याचा. फेरारी आणि माझेराती त्यावर धावल्या, आणि मालक १९४५ साली युद्धाच्या अखेरीस नाहीसा झाला तो कायमचा. वेबर ग्रिल शोधणारा वेबर नव्हताच. तो जॉर्ज स्टीफन, शिकागोच्या वेबर ब्रदर्स या पत्र्याच्या कारखान्यातला. समुद्रात तरंगणारे धातूचे बोये तिथे बनत. १९५२ साली त्यानं असा एक गोळा मधोमध कापून खालच्या अर्ध्याची शेगडी केली आणि वरच्याचं झाकण. युटातल्या वेबर नदीला नाव मिळालं जॉन हेन्री वेबर या कातडी गोळा करत हिंडणाऱ्या शिकाऱ्याचं, आणि तिथले लोक तिला ‘वीबर’ म्हणतात.

मुंबईहून गेलेलं उत्तर

मराठी माणसाचा वेबरशी खरा सामना झाला तो आल्ब्रेख्त वेबरशी (१८२५-१९०१). हा बर्लिनचा संस्कृत पंडित. शुक्ल यजुर्वेदाची छापील आवृत्ती काढणारा, भारतीय वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा. काम अफाट, पण भारतातली कुठलीही गोष्ट जितकी अलीकडची ठरवता येईल तितकी बरी, आणि शक्य तर ग्रीसहून आलेली, असा त्याचा कल. १८७० साली त्यानं मांडलं की रामायणावर ग्रीक महाकवी होमरची छाया असावी: हेलनचं हरण तसं सीतेचं हरण, ट्रॉयचा वेढा तसा लंकेचा. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तेव्हा अवघ्या विशीतले. त्यांनी १८७३ साली मुंबईत इंग्रजीत पुस्तिका छापून वेबरला मुद्देसूद उत्तर दिलं. नाव सरळच होतं: रामायण होमरवरून उचललं आहे काय? ती आज वाचताना जाणवतो तो त्यातला थंडपणा. कुठेही ‘आमच्या धर्माचा अपमान’ वगैरे सूर नाही. वेबरचाच पुरावा घ्यायचा, त्याच्याच पद्धतीनं तपासायचा आणि तो दाव्याचं ओझं पेलत नाही हे दाखवायचं. हेच तेलंग पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

त्याच सुमाराला रामकृष्ण गोपाळ भांडारकरही वेबरशी झुंजत होते. प्रश्न होता संस्कृत वैयाकरण पतंजलीचा काळ. त्याच्या महाभाष्यात व्याकरणाचं उदाहरण म्हणून एक वाक्य येतं: ‘इह पुष्यमित्रं याजयामः’, इथे आम्ही पुष्यमित्राचा यज्ञ करवीत आहोत. भांडारकरांचं म्हणणं असं की चालू वर्तमानकाळाचं उदाहरण देताना वैयाकरण डोळ्यांसमोरची गोष्ट घेतो. तेव्हा पतंजली पुष्यमित्र शुंगाच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. मुंबईत नुकत्याच निघालेल्या ‘इंडियन अँटिक्वरी’त १८७२ पासून हा वाद रंगला. वेबरला ते पटलं नाही. आज बहुतेक अभ्यासक भांडारकरांच्या काळाजवळ आहेत.

या क्षेत्रातही सापळा आहेच. मध्य आशियातून आलेली जुनी हस्तलिखितं ‘वेबर हस्तलिखितं’ म्हणून ओळखली जातात, ती या पंडिताची नव्हेत. लेहमध्ये राहणाऱ्या वेबर नावाच्या एका मोरेव्हियन मिशनऱ्याच्या हाती ती लागली, आणि १८९३ साली हर्नले यानं त्यांचा परिचय छापला.

शेवटचा वेबर, जोसेफ (१९१९-२०००), अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठाचा. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार ताऱ्यांसारख्या प्रचंड वस्तू हलल्या-आदळल्या की अवकाशातच तरंग उठतात. ते पकडता येतील असं तेव्हा जवळपास कोणालाच वाटत नव्हतं. जोसेफनं सुमारे दीड टनाचे ॲल्युमिनियमचे भरीव दंडगोल टांगले आणि त्यांच्या कमरेभोवती दाबानं वीज देणारे स्फटिक बसवले. तरंग आला की दंडगोल घंटेसारखा किंचित झंकारेल, ही कल्पना. एक मेरिलंडमध्ये, एक हजारेक किलोमीटरवर शिकागोजवळ. दोन्ही एकाच क्षणी झंकारले तर तो ट्रकचा हादरा नव्हे. १९६९ साली त्यानं तरंग सापडल्याचं जाहीर केलं. जगभर लोकांनी तसली यंत्रं उभारली आणि कोणालाच काही सापडलं नाही. जोसेफ मरेपर्यंत आपल्या दाव्यावर ठाम राहिला. पण त्याच्यामुळेच या शोधात माणसं उतरली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधरांनी अशा संकेतांच्या विश्लेषणावर उभं आयुष्य घातलं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या तरंग टिपणाऱ्या यंत्रणेच्या चार-चार किलोमीटर लांब भुजांनी पहिला तरंग टिपला, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या जोसेफचं घराणं मूळचं वेबर नव्हतंच. लिथुआनियाकडून अमेरिकेला निघालेल्या त्याच्या ज्यू वडिलांना जो पासपोर्ट मिळाला त्यावर हे आडनाव होतं, म्हणून त्यांनी तेच घेतलं. मुलाकडेही धड जन्मदाखला नव्हता. पुढे अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावानं धरपकड ऐन जोरात असताना जोसेफला पासपोर्ट काढायची वेळ आली, आणि आपण वेबर आहोत हे कागदोपत्री दाखवता दाखवता त्याच्या नाकी नऊ आले.